मंजुळाच्या हातांना दिसतं ते

आमच्या चाळीत कुणाला कशाचं कौतुक वाटेल सांगता येत नाही. कुणाचा टीव्ही बिघडला तरी अख्खी रांग बघायला येते आणि जाताना प्रत्येक जण त्या टीव्हीच्या डोक्यावर एक थाप मारून जातो. त्यामुळे त्र्याण्णव साली माझ्या बायकोला, मंजुळाला, डोळे धडधाकट असून दिसेनासं झालं तेव्हा टोकरखाडा भागातल्या आमच्या चाळीला चांगलंच काम मिळालं. येईल तो तिच्यापुढे काहीतरी धरायचा. चमचा, कंगवा, चप्पल. एकाने तर जिवंत कोंबडी आणून धरली. ‘सांग वहिनी, हे काय?’ कोंबडी ओरडली म्हणून तिने बरोबर सांगितलं. मी त्या माणसाला कोंबडीसकट बाहेर काढलं.

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. मी सुकदेव. गाव पारोळ्याकडचं, पोटासाठी सिल्वासात. पिपरियाच्या एका यार्न फॅक्टरीत मशीनवर उभा राहतो. धागा तुटला की पकडायचा, जोडायचा, पुढे जायचं. तिथे राग चालत नाही, म्हणून तो सगळा घरी आणायची सवय लागली होती. मंजुळा मात्र थंड डोक्याची. मी भांडं आपटलं तर ती शांतपणे विचारायची, ‘फुटलं का? नाही? मंग अजून एकदा आपटा.’ अशा बाईवर कोण किती वेळ रागावणार?

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर आम्हाला मुलगा झाला. गोकुळ. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, म्हणून माझी माय गावाहून बाळंतपणाला आली, ती येताना डिंक, अळीव, खोबरं आणि बाजेखाली ठेवायची मातीची शेगडी घेऊनच. बाळंतिणीला शेक द्यायचा आणि वारा लागू द्यायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मायने माझ्या तिन्ही बहिणींची बाळंतपणं अशीच केली होती. पण गावचं घर कौलारू, भिंतीला भोकं, दाराला फटी, कोंडलेली हवा जायची तिकडून जाते. इथे आमच्या खोलीला डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आणि एकच खिडकी. मायने खिडकीला गोधडी लावली, दाराखाली पोतं कोंबलं, बाजेखाली कोळसे फुलवले आणि बाळाला तेल लावायला बाहेर उन्हात घेऊन बसली. आत मंजुळा झोपली ती उठेना.

पुढचे दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. सरकारी दवाखान्यात तिला नळ्या लावल्या होत्या आणि मी व्हरांड्यात बसून ज्याच्या-त्याच्यावर ओरडत होतो. कोळशाचा वायू डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. ती वाचली. तिने डोळे उघडले, माझा आवाज ऐकून माझं नाव न घेता मला हाक मारली, आणि मी त्या व्हरांड्यात लहान पोरासारखा रडलो. शेगडी कुणी ठेवली हे मायला माहीत होतं, मला माहीत होतं, मंजुळालाही माहीत होतं. त्यावर आम्ही तिघंही कधी बोललो नाही.

घरी आल्यावर कळलं की काहीतरी चुकलंय. मंजुळाला रंग दिसत होते, अगदी स्वच्छ. ही साडी कुंकवासारखी, ती हळदीसारखी, हे ती लांबूनच सांगायची. स्टील चकाकतं हेही कळायचं. पण वस्तूचा आकार काही केल्या कळत नव्हता. समोर ताट ठेवलंय की झाकण, ते तिला सांगता यायचं नाही. माणूस बोलेपर्यंत ओळखू यायचा नाही. मी फॅक्टरीतून येऊन गप्प उभा राहिलो तर ती म्हणायची, ‘कोण हाय?’ भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघून ती सांगायची की तिथे लाल-निळं काहीतरी आहे. आणि गोकुळ रडला नाही तर तो तिच्यासाठी एक रंगाचा ठिपका होता. ‘त्याचं तोंड कसं हाय सांगा ना,’ असं ती मला विचारायची. मी सांगायचो, नाक तुझं, कान माझे. ती हसायची.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तरी एक चष्मा दिलाच. तो घालून तिला न कळणाऱ्या वस्तू जरा मोठ्या दिसायला लागल्या.

चाळीला मात्र संशय. कारण हीच मंजुळा दारातून बाहेर पडताना चौकटीला आपटायची नाही. समोरचं उघडं गटार ओलांडायची, तेही पाय बरोबर टाकून. दोरीवरचे कपडे काढायची. शेजारची दुर्गा, जिचा नवरा माझ्याच शिफ्टला आहे, ती नळावर म्हणाली, ‘गटार दिसतं आणि ताट नाही दिसत? कामाचं तेवढंच बरं दिसत नाही.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. मी भांडायला निघालो होतो, मंजुळाने हात धरला. म्हणाली, ‘ती खोटं नाही बोलत. मले पण कळत नाही, गटार मी कसं वलांडते.’

तिला बरं करायचा मी माझ्या पद्धतीने चंग बांधला. रोज संध्याकाळी मी तिच्यापुढे भांडी मांडायचो आणि परीक्षा घ्यायचो. हे काय? नीट बघ. अजून नीट बघ. ती कपाळाला आठ्या घालून बघत राहायची आणि पळीला लाटणं म्हणायची. मग सांगितलेलं उचलायला जायची तर हात भलतीकडेच. जितकं बघ म्हणावं तितकं बिघडत चाललं. मी चिडायचो. तीही कधी नव्हे ती चिडायला लागली. चाळीतले लोक कोंबडी घेऊन येत होते म्हणून मी त्यांना हाकलत होतो, आणि घरात मी वेगळं काही करत नव्हतो.

मग ते बाळाचं प्रकरण झालं.

आमच्या शेठने दिवाळीला सगळ्या कामगारांना एकाच ताग्यातलं कापड वाटलं होतं. पोपटी रंगाचं. शेठचा हात मोठा, पण ताग्याची निवड एकच. त्यामुळे आमच्या चाळीतल्या सगळ्या पोरांची झबली, सगळ्या उश्यांचे अभ्रे आणि दोन-तीन खिडक्यांचे पडदे, सगळंच पोपटी. आम्हाला ते हसण्यासारखं होतं. मंजुळाचं सगळं मात्र रंगावर चालायचं. एक दिवस ओट्यावर पोरं निजवलेली होती. मंजुळा गेली, पोपटी झबल्यातलं पोर उचललं, आत आणलं, मांडीवर घेऊन वाटीने पेज पाजायला लागली. पोरही शहाणं, निमूट पीत होतं. ते दुर्गाचं होतं, वाळू. दुर्गाने ओट्यावर आपलं पोर दिसेना म्हणून जो आरडाओरडा केला, तो पिपरियापर्यंत गेला असेल. गोकुळ तिकडे एकटाच पडून पाय हलवत होता.

दुर्गा पोर हिसकावून घेऊन गेली. मंजुळा पेजेची वाटी हातात धरून बसली. ती तेव्हा रडली नाही, फक्त म्हणाली, ‘दोन घोट प्यायला आणि मंग मले कळलं, आपला असं चोखत नाही.’

मायने त्याच दिवशी निकाल दिला. ‘आखाजी झाली की पोऱ्याले मी गावाले घेऊन जाते. म्हशीचं दूध हाय, मोठं अंगण हाय. मोठा झाला की मंग बघू.’

आजारात मंजुळाचं दूध आटलं होतं, त्यामुळे तीही अडचण नव्हती. मायचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. मी दिवसभर मशीनवर, घरात ही एकटी, पोर रांगायला लागणार, चूल, पाणी, गटार. मी मंजुळाकडे बघितलं. तिने माझा चेहरा कुठे बघितला असता, पण माझं गप्प बसणं तिला ऐकू आलं.

‘आत्याबाई,’ ती म्हणाली, ‘मले त्याचं तोंड वळखू येत नाही. पण मी त्याले कधी पाडलं का?’

‘पाडशील तेव्हा काय करू?’ माय म्हणाली. आवाज कठोर होता, पण बोलताना ती गोकुळचं दुपटं पुन्हा पुन्हा नीट करत होती. माय मंजुळाला त्रास द्यायला हे करत नव्हती. तिच्या हातून एकदा जे होऊन बसलं होतं, तसं पुन्हा या घरात काही होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते कळून माझी आणखी चिडचिड व्हायची, कारण कुणावर चिडावं ते समजत नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना-सव्वा महिना होता. चाळीच्या टोकाला श्रीकांत सर राहायचे, कोकणातले, इथल्या मराठी शाळेत शिक्षक. त्यांच्याकडून कळलं की वलसाडला मेंदूचे एक डॉक्टर अधूनमधून तपासायला येतात. सरांनी चिठ्ठी दिली, मी रजा घेतली, आणि आम्ही दोघं वापीवरून वलसाडला गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या, हातोडीने गुडघे ठोकले, कागदावरची चित्रं दाखवली. मंजुळाला एकही सांगता आलं नाही. मग त्यांनी टेबलावरची पिवळी पेन्सिल उचलून तिच्यापुढे धरली.

‘ताई, हे काय आहे?’

‘पिवळं हाय काहीतरी.’

‘उभं आहे की आडवं?’

मंजुळाने पुष्कळ प्रयत्न केला. ‘नाही समजत,’ ती म्हणाली.

‘बरं, राहू दे. हे घ्या तुमच्याकडे.’

तिने हात पुढे केला आणि पेन्सिल घेतली. चाचपडली नाही, अडखळली नाही. पेन्सिल उभी होती आणि तिचा पंजा आधीच उभी वस्तू धरायला वळला होता. डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. त्यांनी पेन्सिल परत मागितली, आडवी धरली, तिरपी धरली, वर धरली, बाजूला धरली. विचारलं की तिला सांगता यायचं नाही. घ्या म्हटलं की तिचा हात वाटेतच बरोबर वळायचा. डॉक्टर इतके खूश झाले की मला त्यांचा थोडा राग आला. माझी बायको आजारी आहे आणि हे सण असल्यासारखे पेन्सिल नाचवतायत.

पण नंतर त्यांनी मला समजावलं, आणि ते मी आजवर कुणी विचारलं तर तसंच्या तसं सांगतो. ते म्हणाले, डोळ्यांनी आत जे येतं त्याची मेंदू दोन कामं करतो. एका ठिकाणी ठरतं, हे काय आहे. दुसऱ्या ठिकाणी ठरतं, याच्याकडे हात कसा न्यायचा, पाय कुठे टाकायचा. आपल्याला वाटतं हे एकच आहे, कारण आपली दोन्ही चालू असतात. तुमच्या बायकोचं पहिलं ठिकाण कोळशाच्या वायूने खराब झालंय. दुसरं शाबूत आहे. ताट आहे की झाकण हे तिला कळत नाही, पण तिच्या हाताला कळतं की ते केवढं आहे आणि कसं धरायचं. परदेशात अशाच एका बाईबद्दल त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

‘म्हणजे ती ढोंग करत नाही,’ मी म्हणालो.

‘अजिबात नाही.’

‘बरी होईल?’

‘जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही,’ ते म्हणाले. ‘पण तुम्ही एक करा. तिला हे काय, ते काय, विचारणं बंद करा. थांबून विचार करायला लावलं की ती अडते. तिला काम करू द्या, फक्त सवयीने सावकाश.’

मी खाली बघितलं. मंजुळा माझ्या बाजूला बसून हसत होती. ‘यांची रोज संध्याकाळी शाळा असते डॉक्टर,’ ती म्हणाली. ‘मी रोज नापास.’

परत येताना वापीला उसाचा रस घेतला. रसवाल्याने ग्लास पुढे केला आणि ‘नीट बघ’ हे शब्द माझ्या तोंडावर आले होते, ते मी रसाबरोबर गिळले. तिने ग्लास घेतला, प्याली, परत ठेवला. इतके महिने मी तिच्याकडे असं बघतच नव्हतो. मी तिच्या चुका बघत होतो. तिला दिसत नव्हतं ते एक सोडा, मला दिसत होतं तेही मी कुठे बघितलं होतं?

घरी आल्यावर शाळा बंद केली. फॅक्टरीतून रंगीत धाग्याचा टाकाऊ गुंता आणला, त्याला कुणी विचारत नाही. मिठाच्या डब्याला लाल, साखरेला पिवळा, चहाला निळा धागा बांधला. गोकुळच्या पायात केशरी धाग्याचा गोंडा बांधला. माय म्हणाली, ‘पोऱ्या हाय का वासरू?’ पण गोंडा तिनेच नीट ओवून दिला. मंजुळा हळूहळू स्वयंपाकाला लागली. आधी भात, मग भाजी, मग भाकरी. भाकरी थापताना बोलत राहायची, कारण गप्प बसलं की लक्ष हाताकडे जायचं आणि हात चुकायचे. त्यामुळे आमच्या घरात तेव्हापासून बोलणं फार वाढलं. मी घरी आलो की दारातूनच म्हणायचो, ‘मी हाय.’ ती म्हणायची, ‘माहीत हाय, तुमचा शर्ट वळखते.’ मला आनंद होत होता. इतका की फॅक्टरीत गुणगुणत होतो, सुपरवायझरने विचारलं, दारू प्यायलास का?

माय मात्र हलली नाही. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, पेन्सिलचंही. तिने ऐकून घेतलं.

‘हाताले डोळे असतात व्हय?’

‘हाताला नाही माय, डोक्यात...’

‘मले नको शिकवू. पेन्सिल पडली तर काय होते? उचलायची.’

आखाजी आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. मायने कुठूनतरी खापर मिळवलं होतं, ते चुलीवर पालथं घातलं आणि मांडे करायला बसली. पुरण भरलेली कणीक हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायची, ती मनगटावरून कोपरापर्यंत पसरते, पातळ होते, मग ती तशीच तापलेल्या खापरावर टाकायची. मायचा मांडा कधी फाटत नाही अशी गावात ख्याती. मंजुळा म्हणाली, मी करून बघू का? माय म्हणाली, भाजशील. मंजुळाने ऐकलं नाही. पहिला मांडा फाटला, दुसरा खापरावर जरा तिरका बसला, आणि तिसऱ्याला मायने काही म्हटलं नाही, याचा अर्थ तो चांगला झाला होता. चाळ जमली होती. दुर्गाही आली, वाळूला कडेवर घेऊन. मांड्याचा मोठा तुकडा खाताना ती म्हणाली, ‘वहिनी, माझ्या तोंडाले हाड नाही, मनावर घेऊ नका.’ मंजुळा म्हणाली, ‘तुमच्या वाळूने दोन घोट पेज प्यायली हाय माझी, आता तुम्ही घरच्याच.’

मला वाटलं, आता माय मानेल. रात्री तिला म्हटलं, बघितलंस ना मांडे? ती गोधडी अंथरत म्हणाली, ‘मांडे तिने पोरीपणापासून केलेत. हाताची सवय हाय ती. पोऱ्या रोज वेगळा वागतो, त्याले सवय चालत नाही.’ आणि थांबून म्हणाली, ‘सुकदेव, मले एकदा दार उघडून तिले तसं पाहावं लागलं. पुन्हा नको.’

मनातले मांडे मनातच राहिले. दोन दिवसांनी निघायचं ठरलं. मंजुळाने गोकुळची झबली घडी केली, दुपटी घडी केली, त्याच्या पायातला केशरी गोंडा सोडला आणि त्याच्या कपड्यांच्या पिशवीत टाकला. गावी त्याची गरज नव्हती. त्या दिवशी ती काम करताना बोलत नव्हती, आणि तिच्या हातून दोन कपबश्या फुटल्या.

लग्नसराईचे दिवस. नाशिकची एसटी लागली तेव्हा स्टँडवर अर्धा खानदेश उभा असावा. नाशिकला उतरून मायला पुढची गाडी धरायची होती. गर्दी दारावर तुटून पडली. अशा वेळी आपल्याकडे जी रीत आहे तीच सगळ्यांनी धरली: चपळ माणूस आत घुसतो, जागा धरतो, आणि सामान आणि पोरं खिडकीतून आत जातात. माय वयाने म्हातारी, पण एसटीत चढायला तरुण. ती कोपराने वाट काढत घुसली, खिडकीची जागा पटकावली आणि आतून ओरडली, ‘पिशवी दे.’ मी पिशवी दिली. ‘पोऱ्याले दे.’

खिडकीची काच अर्ध्यावर अडकली होती. मी ओढली, ठोकली, ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडली, ती हलेना. राहिलेल्या जागेत बाहेरून एक आडवी दांडीही होती. पलीकडच्या खिडकीतून एक माणूस आपल्या मुलीला आत सारत होता, तिथेही तीच गत. तिचं कपाळ खाड्कन दांडीला लागलं आणि तिने स्टँड डोक्यावर घेतलं. मी गोकुळला मंजुळाकडून घेतलं आणि उचलून आत घालायला लागलो. डोकं गेलं तर खांदा अडकला. खांदा वळवला तर डोकं दांडीकडे. माय आतून, ‘अरे डोकं, डोकं सांभाळ.’ गोकुळ रडायला लागला. मागून लोक ढकलत होते. माझे डोळे चांगले आहेत, मी दिवसभर केसाएवढा धागा पकडतो, पण माझं पोर मला त्या फटीतून घालता येईना.

‘इकडे द्या,’ मंजुळा म्हणाली.

तिने त्याला घेतलं. ‘आजीकडे जायचं ना, म्हशीचं दूध प्यायचं ना,’ असं काहीबाही त्याच्याशी बोलत तिने त्याला वर उचललं. मी बघत होतो. तिने त्याला कुशीवर वळवलं, त्याचे हात छातीशी घेतले, एक तळवा डोक्यावर ठेवला आणि दांडी आणि काच यांच्यामधून त्याला आत सरकवलं. आत जाताना मध्येच त्याने पाय ताणला, तर तिचा हात त्याच्या पायाबरोबर वळला. तो कुठेच लागला नाही. रडायचाही थांबला.

मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. इतकं सफाईने द्यायचं होतं का? जरा तरी अडायचं. मग माझ्या लक्षात आलं की तिचे दोन्ही हात अजून वर, खिडकीपाशीच आहेत, रिकामे. ते खाली घ्यायचं तिला जमत नव्हतं.

मायने गोकुळला मांडीवर घेतलं. त्याचं डोकं चाचपलं, कपाळ, कान, मागची बाजू. पुन्हा चाचपलं. मग खिडकीशी तोंड आणून म्हणाली, ‘मंजुळा, ही फट केवढी हाय, सांग बरं.’

मंजुळा खिडकीकडे बघत राहिली. ‘नाही सांगता येत, आत्याबाई. काळं दिसते आणि लाल दिसते.’

‘दांडी कुठं हाय?’

‘दांडी हाय?’ मंजुळाने विचारलं.

माय त्या दांडीकडे बघत होती, मग गोकुळकडे, मग मंजुळाच्या वर राहिलेल्या हातांकडे. गाडी चालू झाली, खिडक्या थरथरायला लागल्या. कंडक्टरने आतून दार ओढून घेतलं. मायने एकदम गोकुळला उचललं आणि खिडकीशी आणलं. तिने त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केला. एक पाय बाहेर आला, दुसरा दुमडून आतच राहिला. तिने परत आत घेतलं, डोक्याकडून घातलं, तर हनुवटी काचेला. कंडक्टर म्हणाला, ‘आजी, एक काय ते ठरवा. पोर आत की बाहेर?’

‘बाहेर,’ माय म्हणाली. आणि मग खिडकीतून, ‘मंजुळा, मले नाही जमत व. तूच काढ.’

मंजुळाचे हात आत गेले आणि गोकुळला घेऊन बाहेर आले. मायने गोकुळची पिशवीही बाहेर फेकली, ती मी झेलली, नीट झेलली नाही, पण झेलली. गाडी हलली. माय खिडकीतून बघत होती आणि हात हलवत होती, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

‘आत्याबाई रडतायत का?’ मंजुळाने विचारलं. तिने गोकुळला कडेवर घेतलं होतं आणि त्याच्या टाळूवर गाल टेकवला होता.

‘रडतेय,’ मी म्हणालो. ‘हसतेय पण.’

‘आणि तुम्ही?’

‘मी पण तेच,’ मी म्हणालो, आणि आम्ही रिक्षा बघायला लागलो.